दम धर, दम सोड

आप्पांनी मला पोहायला शिकवलं ते सांगलीत, कृष्णेच्या सरकारी घाटावर. साल १९८४, मी आठ वर्षांची. पाठीला हवाबंद पत्र्याचा डबा बांधलेला, आणि आप्पा पायरीवर उभे राहून एकच सांगायचे, "दम धर. घाबरू नकोस, दम धर." बुडी मारायची, तळाची मूठभर रेती काढून आणायची आणि वर येऊन दाखवायची. पाण्यात डोळे उघडले तरी दिसायचा फक्त तांबूस अंधार. नदी मला कळली ती हातापायांना, डोळ्यांना कधीच नाही.

सदतीस वर्षांनी, २०२१च्या पुरानंतरच्या डिसेंबरात, तारकर्लीच्या तरणतलावात पाठीवर सिलिंडर घेऊन उतरले तेव्हा शिकवणाऱ्या मुलाने पहिलंच वाक्य सांगितलं, "मॅडम, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पाण्याखाली दम धरायचा नाही."

कारण साधं आहे. दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येता येता फुगत दुप्पट होते. तोंड मिटून वर आलात तर ती फुफ्फुस फाडू शकते. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा, लांब आणि संथ. मला हे डोक्याने पाच मिनिटांत पटलं, शरीराला पटायला दोन वर्षं लागली. जरा काही वेगळं दिसलं की छाती आपोआप दम धरायची. आप्पांची शिकवण इतकी खोल गेलेली.

तारकर्लीनंतर मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट झालं, मग अंदमान. या एप्रिलमध्ये, ३१ मार्चचा हिशोबांचा डोंगर उपसून झाल्यावर (मी कर सल्लागार आहे, मार्चमध्ये मला माणसांत धरू नये), महालक्ष्मीने मुंबई आणि तिथून विमानाने मालदीव. सात रात्री बोटीवर. लॉगबुकात तोवर ५४ बुड्या होत्या. तुम्हीही विचार करत असाल तर हा आकडा महत्त्वाचा. पाण्याला जोराची ओढ असते अशा जागी नेणाऱ्या बोटी तीस मीटरपर्यंतचं प्रशिक्षण आणि साधारण पन्नास बुड्यांचा अनुभव मागतात, आणि ते मागणं रास्त आहे.

"हॉटेलात राहून रोज बोटीने जाता येत नाही का?" असं मला घरातल्या प्रत्येकाने विचारलं. येतं. पण चांगल्या जागा एकमेकींपासून लांब, वेगवेगळ्या प्रवाळबेटांच्या, म्हणजे उथळ समुद्राभोवतीच्या वाटोळ्या प्रवाळकड्यांच्या, कडेला आहेत. मालदीव म्हणजे जवळजवळ १२०० बेटं, दक्षिणोत्तर आठशे किलोमीटरच्या वर पसरलेली, आणि माणसं राहतात ती त्यातल्या दोनशेच्या आतबाहेर बेटांवर. आपण जेवतो, झोपतो तेव्हा बोट पुढच्या जागी जाते. पहाटे साडेपाचला घंटा वाजते आणि सहाला तुम्ही अशा ठिकाणी पाण्यात असता जिथे दुसरं कुणी पोचलेलंच नसतं. दिवसाला तीन बुड्या, कधी रात्रीची चौथी. सिलिंडर आणि ते भरायचं यंत्र मोठ्या बोटीवर नसतं, सोबत वेगळी धोणी, म्हणजे तिकडची लहान बोट असते. त्यामुळे यंत्राचा आवाज नाही, झोप छान लागते. माझ्या खोलीत बेंगळुरूची एक मुलगी होती. मी तिच्याशी मोडकं कानडी बोलले तेव्हापासून ती मला अक्का म्हणायला लागली.

हवेचा हिशोब मला फार आवडतो. सिलिंडरमध्ये दाबून भरलेली अंदाजे २२०० लिटर हवा असते. वर बसून मिनिटाला पंधरा लिटर लागत असेल, तर तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून हवाही साठ लिटर जाते. आमच्या दुष्काळी जतकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. टँकर आठवड्यातून एकदाच येणार हे माहीत असलेल्या घरात पाणी ज्या हाताने वापरतात, त्याच हाताने खाली श्वास वापरायचा. घाबरलं की श्वास जलद होतो आणि टाकी रिकामी होते. टाकीतला दाब दाखवणारा काटा ५० बारवर यायच्या आत वर यायचं, तेही पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून, म्हणजे अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू निघून जातो.

आता तिसऱ्या दिवसाबद्दल सांगते. खरं म्हणजे हे सगळं मी त्यासाठीच लिहायला घेतलं.

वावू प्रवाळबेट, पूर्वेची बाजू. प्रवाळबेटाच्या कड्याला जिथे खिंड असते तिला तिकडे कांदू म्हणतात. ईशान्येच्या वाऱ्यांच्या दिवसांत भर समुद्राचं नितळ पाणी या पूर्वेकडच्या कांदूंतून आत घुसतं, आणि त्या ओढीच्या तोंडाशी शार्क येऊन राहतात. उडी मारली की वर रेंगाळायचं नाही, थेट खाली जायचं. उशीर केला तर ओढ तुम्हाला खिंडीतून आत घेऊन जाते. मी खाली गेले, कान मोकळे केले आणि तीस मीटरवर खिंडीच्या उंबऱ्याशी मेलेल्या खडकाच्या कपारीत हुक अडकवला. जिवंत प्रवाळाला हुक लावणं म्हणजे पाप, हे तिथे बजावून सांगतात. हुकाला दोरी, दोरीला मी. जाकिटात थोडी हवा भरली आणि पतंगासारखी तरंगत राहिले.

ओढीची मला भीती वाटली नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली पाणी कसं वळतं ते बघत मी वाढले. ओढीशी भांडायचं नाही हे आमच्या घाटावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण समोर काहीच नव्हतं. निळं, आणि फक्त निळं. पाच मिनिटं गेली. काट्याकडे नजर जायला लागली, श्वास वाढायला लागला. आणि तेव्हा आप्पांचा आवाज आला, स्पष्ट, पायरीवरून यायचा तसा. दम धर.

त्यांचे शब्द मी आयुष्यभर अर्धेच ऐकले होते. ते छातीबद्दल बोलतच नव्हते. घाबरू नकोस, थांब, उतावीळ होऊ नकोस, असं ते सांगत होते. मी श्वास सोडला, बुडबुड्यांची माळ मागे वाहून गेली, आणि मी थांबले.

मग निळ्यातून एक करडी सावली घट्ट होत गेली. ग्रे रीफ शार्क. मग तिच्यामागे दुसरी. मी अकरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. ज्या ओढीत आम्ही दोरीला लटकत होतो तीत त्या जवळजवळ न हलता उभ्या होत्या. शेपटीचा एखादा हलकासा झोका, बास. एक माझ्यापासून दोन हातांवरून गेली. तिच्या कल्ल्यांच्या पाच फटी मला मोजता आल्या. कोकणात बाजारात मोरी म्हणून जी विकतात ती यांच्याच कुळातली. मालदीवने २०१० साली शार्कच्या शिकारीवर पूर्ण बंदी घातली. तिथे जे दिसलं ते त्या बंदीमुळे शिल्लक आहे, आणि त्या देशाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्याच रात्री अलिमथा बेटाच्या धक्क्याखाली उतरलो. डझनांनी नर्स शार्क आणि पाकटं अंगाला घासून जातात. सगळ्यांना ही बुडी फार आवडते, मला नाही आवडली. तिथे वर्षानुवर्षं मासळीचं उरलंसुरलं टाकत आले म्हणून ते येतात, आणि खाली दिव्यांची आणि माणसांची जत्रा होती. पुन्हा गेले तर ती रात्र मी बोटीवरच काढेन.

प्रवाळाबद्दल लिहिताना मात्र हात जड होतो. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापून तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, आणि २०२४ मध्ये पुन्हा जगभर तेच झालं. पाण्याचा उबारा जास्त दिवस टिकला की प्रवाळ आपल्यात राहणारी, आपल्याला अन्न देणारी सूक्ष्म शेवाळं बाहेर टाकतं, पांढरं पडतं आणि मग उपासमारीने मरतं. काही उथळ जागी हरणाच्या शिंगांसारखं प्रवाळ नुसतं तुकड्यांचा ढीग होऊन पडलं होतं, वर करडी बुरशी चढल्यासारखं. पूर ओसरल्यावर गावभागातल्या घरांपुढे गाद्या, वह्या, देव्हारे यांचे ढीग लागले होते ना, मला तेच आठवलं. बाजूलाच नखाएवढे नवे कोंब होते. त्यांच्यावर मी इतका वेळ रेंगाळले की अक्का अक्का करणाऱ्या मुलीला माझा पाय ओढावा लागला.

शेवटच्या दिवशी बुडी नसते. विमानात बसण्याआधी अंगातला नायट्रोजन निघून जायला किमान अठरा तास लागतात, बोटी पूर्ण दिवस ठेवतात. मी भडंगाचा डबा घेऊन धोणीवर जाऊन बसले. तिथला एक चाळिशीचा खलाशी सिनेमांवरून शिकलेलं बरं हिंदी बोलायचा. रोज सकाळी नाश्त्याला रोशी आणि मासहुनी असायची. मी मासे खात नाही म्हणून तो माझ्यासाठी नुसता नारळ, कांदा, मिरची, लिंबू कालवून ठेवायचा. मास म्हणजे मासा, हुनी म्हणजे किसलेला नारळ. त्याने मला आकडे शिकवले: एके, दे, तिने, हतरे, फहे. सात म्हणजे हते, आठ म्हणजे अशे. आपल्या 'स'च्या जागी 'ह' ठेवून बघा, दूरच्या आत्याच्या घरी गेल्यासारखं वाटतं.

त्याने विचारलं, तुमच्याकडे समुद्र आहे का? म्हटलं, नाही, नदी आहे. मग २०१९चा ऑगस्ट सांगितला. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची खूण आहे आणि पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या खालच्या मजल्यावर कुठवर होतं ते मी उभी राहून हाताने दाखवलं, गळ्यापाशी. तोही उठून माझ्याशेजारी उभा राहिला आणि आपला हात माझ्या हाताच्या पातळीला आणून म्हणाला, "माझं गाव एवढंच उंच आहे. सगळं बेट." त्या देशातली बहुतेक जमीन समुद्रापासून जेमतेम दीड मीटर उंच आहे, हे मी वाचलं होतं. कुणाच्या तळहाताने दाखवलेलं पाहिलं नव्हतं.

"मग तुम्ही परत त्याच घरात राहता?" त्याने विचारलं.

"राहतो. आणि तुम्ही?"

"आम्हीपण," तो म्हणाला, आणि भडंगाचा डबा त्याने आपल्याकडे ओढला.