कालवा, कालवा आणि कालवं

रविवार, १८ जानेवारी २०२६, पौष अमावास्या

सायकलच्या मीटरवर एकूण १९ किलोमीटर. त्यातले जेमतेम ४ कच्च्या वाटेचे, बाकी सगळं डांबर, सिग्नल आणि दुधाचे टेम्पो. तरी नोंद करायची आहे ती त्या चारांचीच.

दिवाळीच्या बोनसमधून ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे खडीच्या, कच्च्या वाटांवर चालवायची. हँडल रेसच्या सायकलीसारखं वळलेलं, पण टायर ४० मिलिमीटर रुंद आणि खाचांचे. जुन्या सायकलीला १०० पीएसआय हवा भरायचे, हिला ३५-४० पुरते. अंगठ्याने दाबलं की टायर दबतं. वॉचमनकाकांनी आतापर्यंत तीनदा सांगितलंय, "मॅडम, हवा कमी आहे." चौथ्यांदा सांगतील तेव्हा बहुधा मी भरूनच टाकेन.

सायकल आली आणि तिच्यामागून व्हिडिओ आले. लंडन ते बर्मिंगहॅम जाणारा ग्रँड युनियन कालवा, जवळजवळ २२० किलोमीटर, आणि त्याच्या काठाकाठाने खडीची सपाट वाट. ती वाट मुळात माणसांसाठी नव्हतीच. मालाच्या होड्या दोराने ओढत नेणारे घोडे चालावेत म्हणून ती केली. घोडे गेले, वाट राहिली, आता तिच्यावर सायकली. मी हे रात्री अकराला अंथरुणात बघते आणि नवरा कूस बदलत विचारतो, "सापडला का नेरूळात कालवा?"

तो साताऱ्याचा आहे, त्याला गंमत वाटणारच. माझं माहेर बारामतीकडचं. नीरा डावा कालवा १८८५ सालचा, पण आम्ही त्याला कालवा कधीच म्हटलं नाही, पाट म्हणायचो. बाबांची काळी सायकल मी पाटाच्याच कडेला शिकले, मधल्या दांड्याखालून पाय घालून, तिरकी तिरकी. एकीकडे पाणी, एकीकडे ऊस. मुरमाची वाट, आठवड्यातून एखादी पाटबंधारे खात्याची जीप, बाकी शेळ्या. तेव्हा याला ग्रॅव्हल म्हणतात हे ठाऊक नव्हतं. असतं तरी बाबांनी त्यासाठी एवढे पैसे मोजले नसते.

तर नवी मुंबईत कालवा नाही. कालवा आहे तो दुसरा, गलका या अर्थाचा, आणि तो चोवीस तास आहे. पाम बीच रोडवर आज साडेसहाला, अजून उजाडायचं होतं, एका गाडीने अशी हूल दिली की आरसा कोपराला लागतोय की काय वाटलं. पुढे जाऊन वर हॉर्नही दिला. त्या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे सतत पाठीला डोळे लावून बसणं.

पण कालव्याचा चुलतभाऊ इथे आहे, हे मला अकरा वर्षं नेरूळात राहून गेल्या महिन्यात कळलं. आपल्याकडची बरीच जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. सिडकोने १९७० नंतर शहर आखलं तेव्हा डच पद्धतीने धारण तलाव केले. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं. भरतीला तलावाची दारं खाडीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात आणि साठलेलं पाणी निघून जातं. म्हणजे परदेशातल्या कालव्यांचे व्हिडिओ बघत मी उसासे टाकत होते आणि पाणी खेळवायची डचांची युक्ती माझ्या खिडकीखाली कित्येक वर्षं चालू आहे. तलाव गाळाने भरत चाललेत, आत खारफुटी उगवली आहे आणि खारफुटीला हात लावायचा तर परवानग्या लागतात, हा वेगळा विषय. 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यानाचा तलाव फिरायला छान आहे, पण रविवारी सकाळी तिथे माणसांचाच कालवा.

म्हणून मी सारसोळेच्या बाजूने खाडीकडे उतरते. पेव्हर ब्लॉक संपतात, मग भराव, मग मातीचा बांध. दोन्हीकडे तिवरं, त्यांची पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर आलेली. इथे सायकलचा आवाज बदलतो. डांबरावर सूं होता, तो कुरकुर होतो. दगडागणिक चेन वाजते. हाताची मूठ आपोआप सैल पडते, कारण घट्ट धराल तर प्रत्येक खड्डा खांद्यात जातो. आणि पाठीचे डोळे मिटतात.

उजाडता उजाडता खाडी दिसली तेव्हा पाणी नव्हतंच. नुसता चकाकणारा गाळ. अमावास्येचं उधाण, त्यामुळे सुकती, म्हणजे ओहोटीही, तेवढीच खोल. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दूर, गाळावर, गुलाबी कमी आणि राखाडी जास्त, चोच उलटी घालून खाण्यात गर्क. ते तलावात येतात भरतीला, जेव्हा त्यांचा गाळ बुडतो. म्हणजे पक्षी जवळून बघायचे तर वेळ चुकली होती. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, मोबाइल खिशातच राहिला.

पुढच्या वळणावर फस्स.

मागचं टायर. ट्यूबलेस करून आत ते भोक बुजवणारं दुधासारखं सीलंट घालून घ्या, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मी पैसे वाचवले होते. सुटी ट्यूब होती, पंप होता, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांपैकी एक होती. दुसरी बहुधा धुवायच्या मशीनजवळ.

खालून, गाळातून, एक मावशी वर येत होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला खोचलेलं लुगडं, हातात लोखंडी आकडा आणि डबा. "बाय, हवा गेली का?"

गेली म्हटलं. त्या वाकल्या, चाक हाताने फिरवलं आणि दोन बोटांनी रबरातून करड्या रंगाचा तुकडा उपसला. पात्यासारखा धारदार. "ही बग. कालव."

मला हसूच फुटलं. त्यांना वाटलं मी घाबरले. अमेरिकेतल्या एम्पोरिया गावी २००६ पासून २०० मैलांची ग्रॅव्हल शर्यत होते, तिथले चकमकीचे दगड टायर चिरतात, हे मी किती वेळा वाचलं होतं. इथे दगड नाही, कालवाचा, म्हणजे ऑयस्टरचा, शिंपला! सुकतीला दगडांवरची कालवं काढून बांधावरच फोडायची आणि शिंपले तिथेच टाकायचे. आणि मी ज्याला माझी मोकळी वाट म्हणते ती मावशींची कामाची जागा.

एका पट्टीने टायर निघेना. मावशींनी दुसरी बाजू नुसत्या अंगठ्यांनी सोडवली. तेवढ्यात बोलणं झालं. हा बांध रस्ता म्हणून घातलेलाच नाही, म्हणाल्या. आत भातशेती होती, खारं पाणी येऊ नये म्हणून सासऱ्यांच्या वडिलांनी, सगळ्या गावाने मिळून माती टाकली. भांगाला, म्हणजे उधाण नसलेल्या दिवसांत, दुरुस्ती करायची, कारण तेव्हा पाणी कमी चढतं. मग जमीन शहरासाठी गेली. "साडेबारा टक्क्यात घर बांधला," एवढंच म्हणाल्या आणि पंपाकडे बघायला लागल्या. परवाच १६-१७ जानेवारी झाली. १९८४ साली जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्यातून हे साडेबारा टक्के आले, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना परत मिळणारा विकसित जमिनीचा वाटा. मी नेरूळात फ्लॅट घेताना हा आकडा ब्रोकरच्या तोंडून ऐकला होता, जमिनीचा एक प्रकार म्हणून.

इथे सायकल ट्रॅक व्हावा, असं मी मागे एकदा सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं. रेलिंग, दिवे, बसायला बाकं. अंगठे बरेच आले होते. रात्री तो मेसेज शोधला, आता पुसता येत नाही.

मावशी निघताना म्हणाल्या, "हिकरं नको थांबू आता, पानी भरंल." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हेही त्यांनीच सांगितलं. अमावास्येचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. मी घरी येऊन मोबाइलवर ताडून पाहिलं. थोड्या मिनिटांचा फरक.

डब्यातला एक वाटा मी घेतला, दोनशे रुपयांना. खाडीचं पाणी कसं आहे हे माहीत आहे, चांगली शिजवेन. पाण्याच्या बाटलीच्या जागेत डबा बसला, हिंदकळत घरी आला. दार नवऱ्याने उघडलं. "सापडला का कालवा?"

मी डबा त्याच्या हातात दिला. साताऱ्याच्या माणसाला झाकण उघडून आधी नाक मुरडायचं होतं, ते त्याने मुरडलं. दुपारी दोनदा भात घेतला.

सायकल बाल्कनीत आहे. चिखल ओला असताना खरवडला तर पसरतो, म्हणून वाळू दिलाय, उद्या आपोआप पोपडे पडतील. चेन मात्र आजच गोड्या पाण्याने धुऊन तेल दिलं, खाडीचं मीठ वाट बघत नाही.

माघी पौर्णिमा १ फेब्रुवारीला, रविवारच आहे. सुकती पहाटेचीच. दोन्ही पट्ट्या पिशवीत घातल्या.