वकील लिंकन यांच्या मागावर: स्प्रिंगफील्ड आणि कोल्स काउंटी

शिकागोहून इलिनॉयच्या राजधानीला, म्हणजे स्प्रिंगफील्डला, अ‍ॅमट्रॅकची (अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे कंपनीची) गाडी साधारण साडेतीन तासांत पोहोचते. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होते केवळ चार वर्षे. त्याआधी जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी वकिली केली आणि पाच हजारांहून अधिक प्रकरणे हाताळली. आम्हांला पाहायचे होते ते हे वकील आणि त्यांचे घराणे.

आठवा रस्ता आणि जॅक्सन रस्ता यांच्या कोपऱ्यावरचे त्यांचे घर पाहण्यास शुल्क नाही, मात्र सातव्या रस्त्यावरील अभ्यागत केंद्रातून त्याच दिवसाचे, ठरावीक वेळेचे तिकीट घ्यावे लागते. आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो आणि दुपारची वेळ मिळाली. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळी केंद्र उघडताच रांगेत उभे राहावे. १८४४ मध्ये, ज्या पाद्र्यांनी त्यांचे लग्न लावले होते त्यांच्याकडूनच, लिंकन यांनी हे घर विकत घेतले. तेव्हा ते दीड मजली होते आणि वकिलीत जम बसल्यावर, १८५६ मध्ये, त्याचे पूर्ण दुमजली घर झाले. जिन्याचा कठडा मूळचाच आहे व त्यावर हात ठेवण्यास मनाई नाही. याच घरात १८५० च्या फेब्रुवारीत त्यांचा दुसरा मुलगा एडी चार वर्षांचाही न होता वारला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विलीचा जन्म झाला.

थोरला मुलगा रॉबर्ट पुढे स्वतः वकील झाला. लिंकन यांनी मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून जे पत्र आपल्याकडे शाळाशाळांच्या भिंतींवर दिसते, ते त्यांच्या संग्रहित पत्रव्यवहारात कुठेही नाही, हे येथे सांगून टाकलेले बरे. रॉबर्टची कागदोपत्री नोंदलेली गोष्ट त्याहून कठीण आहे: १८७५ मध्ये त्याने आई मेरी टॉड हिच्या मानसिक स्थितीविषयी शिकागोच्या न्यायालयात अर्ज केला, ज्यूरीने तिला वेडी ठरवले आणि तिची रवानगी बटेव्हिया येथील खाजगी आरोग्यगृहात झाली. काही महिन्यांत सुटून ती स्प्रिंगफील्डला बहिणीकडे आली आणि पुढे त्याच घरी, जिथे १८४२ मध्ये तिचे लग्न लागले होते, १८८२ मध्ये वारली. ते घर आता उभे नाही.

सहाव्या व अ‍ॅडम्स रस्त्याच्या कोपऱ्यावरील टिन्स्ली इमारतीत लिंकन आणि त्यांचे भागीदार विल्यम हर्न्डन यांची कचेरी होती. संघराज्याचे न्यायालय त्याच इमारतीत भरत असल्यामुळे वकिलाला याहून सोयीची जागा मिळाली नसती. कचेरी व समोरचे जुने विधानभवन यांच्या वेळा दुरुस्तीच्या कामांमुळे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

ओक रिज दफनभूमी गावाच्या मध्यापासून उत्तरेला सुमारे तीन किलोमीटर आहे, टॅक्सी करावी. समाधीत लिंकन, मेरी आणि एडी, विली, टॅड ही तीन मुले आहेत. १८७६ मध्ये शव चोरण्याचा प्रयत्न झाला होता, त्यामुळे १९०१ मध्ये शवपेटी दहा फूट खोल काँक्रीटमध्ये पुरली गेली. रॉबर्ट मात्र येथे नाही. त्याचे दफन वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत झाले, आणि त्याच्या मुलाचे अवशेषही १९३० मध्ये येथून तिकडे हलवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी भाड्याची मोटार घेऊन आम्ही सुमारे दोन तासांवरील कोल्स काउंटीत गेलो. बहुतेक प्रवासी हा भाग गाळतात, आणि माझ्या मते तीच चूक आहे. लिंकन यांचे वडील थॉमस यांनी शेवटची वर्षे येथे काढली. केंटकीत मालकी हक्काच्या सदोष कागदपत्रांमुळे त्यांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या, आणि १८१६ मध्ये कुटुंब इंडियानाला गेले त्यामागचे ते एक कारण होते. अशा माणसाचा मुलगा कायदा शिकला, तोही बव्हंशी उसन्या पुस्तकांवर, हे वाटते तितके नवल नाही. मात्र याच काउंटीच्या न्यायालयात, १८४७ मध्ये, लिंकन यांनी केंटकीचे गुलाममालक रॉबर्ट मॅट्सन यांचे वकीलपत्र घेतले होते. आपली गुलाम जेन ब्रायंट आणि तिच्या मुलांना परत मिळवण्यासाठी मॅट्सन न्यायालयात उभे होते. लिंकन हरले आणि ते कुटुंब स्वतंत्र झाले. वकील पाहायला निघालेल्याने हे प्रकरण वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

चार्ल्सटनच्या दक्षिणेला थॉमस यांच्या लाकडी घराची प्रतिकृती आहे आणि जवळच शायलोह दफनभूमीत ते व लिंकन यांची सावत्र आई सारा यांच्या कबरी आहेत. १८५१ मध्ये वडील वारले तेव्हा लिंकन अंत्यविधीला आले नाहीत. वॉशिंग्टनला निघण्यापूर्वी, १८६१ च्या जानेवारीअखेरीस, ते सारा यांना भेटायला मात्र आवर्जून आले. शेतांमधून जाणाऱ्या या रस्त्यांवर दिवसाउजेडीच जावे आणि जेवण चार्ल्सटनमध्ये उरकूनच निघावे.