पंधराचं घड्याळ

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आम्ही इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या पंधरा जणी मिळून घेतो. पाच घरचे ओटे, प्रत्येक ओट्यावर तिघी, सात दिवस. एकीने लाटायचं किंवा सोऱ्या धरायचा, एकीने तळायचं, तिसरीने मोजून पाकिटं भरायची. चौथीला आमच्या इथल्या स्वयंपाकघरांत उभं राहायला जागा नसते.

मागच्या वर्षी पहिल्या दिवशी ज्या तिघी जमल्या, त्याच सातव्या दिवसापर्यंत राहिल्या. सियागंजातून आणलेले तेलाचे डबे संपले, पैसे वाटून झाले, सगळं नीट पार पडलं. पण शेवटी हिशेबाला बसलो तेव्हा ग्वाल्हेरहून लग्न होऊन आलेल्या आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने मला हळूच विचारलं, "मावशी, त्या हिरव्या साडीतल्या काकू कोण?" सात दिवस एका गल्लीत काम करून तिला बारा जणींची नावं माहीत नव्हती. वाटणी माझी होती. ते मला दिवाळीभर सलत राहिलं.

म्हणून यंदा मी आधीच सांगून टाकलं: सात दिवसांत कुठल्याही दोघी दुसऱ्यांदा एका ओट्यावर यायच्या नाहीत.

तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे तोंडी हिशेब लगेच झाला. प्रत्येकीला बाकीच्या चौदा जणी, रोज दोघी नव्या, सात दुणे चौदा. कोणी सुटत नाही, कोणी दुबार येत नाही. इतका चोख हिशेब, म्हणजे तासाभराचं काम, असं धरून मी पंधरा चिठ्ठ्या केल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडत बसले. तीन दिवस भराभर लागले. चौथ्या दिवशी शेवटच्या तिघींतल्या दोघी आधी भेटलेल्या निघाल्या. त्या बदलल्या तर दुसरा दिवस बिघडला. रात्री साडेअकराला ह्यांनी येऊन पंखा बंद केला, चिठ्ठ्या उडत होत्या म्हणून, तेव्हा पाचवा दिवस अर्धवटच होता.

सकाळी दूध तापवताना आठवलं की हे कोडं जुनं आहे. इंग्लंडमधल्या टॉमस कर्कमन नावाच्या पाद्र्याने ते १८५० मध्ये घातलं होतं. शाळेतल्या पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या ओळींनी फिरायला जातात. सात दिवस त्यांना असं चालवा की कुठल्याही दोघी पुन्हा एका ओळीत येणार नाहीत. आकडे हुबेहूब आमचेच!

मग चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि पंधरा आकड्यांचं घड्याळ काढलं, एकेक आकडा म्हणजे एकेक जण. या घड्याळावर कुठल्याही दोन आकड्यांमधलं अंतर जवळच्या बाजूने मोजलं, तर ते एक ते सातच्या आतच येतं. आता १, २, ५ ही तिकडी घ्या. तिच्यात अंतरं आहेत १, ३ आणि ४. दुसरी तिकडी १३, १५, ६. तिच्यात २, ६ आणि ७. राहिलं पाच, ते १, ६, ११ मध्ये तिन्ही बाजूंना आहे. सातही अंतरं आली आणि एकही दोन तिकड्यांत नाही, म्हणून या तिकड्या घड्याळावर सरकवल्या तरी कुठलीच जोडी दुबार येत नाही. पहिल्या दोन तिकड्या एकेक घर पुढे सरकवत पूर्ण फेरा मारला की प्रत्येकीच्या पंधरा होतात. तिसरी मात्र पाच घरं सरकली की पुन्हा तीच येते, म्हणून तिच्या पाचच. एकूण पस्तीस, म्हणजे रोज पाच आणि सात दिवस. मला अजूनही हे वहीत पाहिलं की आनंद होतो.

पुढचं काम चिकाटीचं. एका दिवशी एकीला दोन ओट्यांवर बोलावणं येऊ नये, अशा त्या पस्तीस तिकड्या दिवसांत बसवायच्या. त्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. कोणाला हवं असेल तर उतरवून घ्या:

पहिला दिवस: १-६-११, २-७-१२, ३-८-१३, ४-९-१४, ५-१०-१५
दुसरा: १-२-५, ३-४-७, ८-९-१२, १०-११-१४, ६-१३-१५
तिसरा: २-३-६, ४-५-८, ९-१०-१३, ११-१२-१५, १-७-१४
चौथा: ५-६-९, ७-८-११, १-१२-१३, ३-१४-१५, २-४-१०
पाचवा: ६-७-१०, १-३-९, २-८-१५, ४-११-१३, ५-१२-१४
सहावा: २-१३-१४, ३-५-११, ४-६-१२, ७-९-१५, १-८-१०
सातवा: १-४-१५, ५-७-१३, ६-८-१४, २-९-११, ३-१०-१२

नंबर वाटायच्या आधीच एक फोन आला. आमच्यात एक सासू-सून आहेत. वेगळ्या राहतात, बोलणं कामापुरतं. सासूबाई म्हणाल्या, "तेवढं आम्हा दोघींना एकत्र घालू नकोस गं." मी हो म्हणणार होते, पण तोंडातून शब्द निघेना. या मांडणीत प्रत्येकीला चौदाही जणी भेटतातच. एका जोडीला वगळलं की सगळीच मांडणी मोडते. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. कधी भेटायचं आणि तिसरी कोण असेल, एवढंच माझ्या हातात होतं. सासूबाईंना ४ नंबर दिला, सुनेला १५, आणि १ मी घेतला. म्हणजे सातवा दिवस, माझा ओटा, अनारसे.

चौथ्या दिवशी ९ नंबरला ताप भरला. ५ आणि ६ दोघीच राहिल्या. शेजारच्या ओट्यावरून १२ नंबरला पाठवा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी पाठवू दिलं नाही. १२ ची गाठ ५ शी पाचव्या दिवशी पडणार होती आणि ६ शी सहाव्या दिवशी. आज पाठवलं असतं तर दोन्ही जोड्या दुबार झाल्या असत्या. रिकामी जागा रिकामीच ठेवायची. पाकिटं भरायला ह्यांना बसवलं. त्यांनी चकल्या वजन करून व्यवस्थित भरल्या.

तुमच्याकडे पंधरा जणी नसतील तर? नऊ असतील तर फारच सोपं. तीन बाय तीनच्या चौकटीत नावं लिहा. आडव्या ओळी एक दिवस, उभ्या दुसरा, तिरप्या एका बाजूच्या तिसरा, दुसऱ्या बाजूच्या चौथा; कडेला ओळ संपली की पलीकडच्या कडेपासून पुढे मोजायची. बारा हा आकडा सोपा वाटतो, पण फसवतो. तिघी-तिघींचे पाच दिवस जमायला हवेत असं वाटतं, पण चारच जमतात. सहाच्या पाढ्यात तीन मिळवून येणाऱ्या प्रत्येक आकड्याला, म्हणजे ९, १५, २१ असं पुढे, सगळ्या जोड्या भेटवणारी मांडणी असतेच. हे द्विजेन राय-चौधरी आणि रिचर्ड विल्सन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केलं. चीनमधल्या लू च्याशी या शाळामास्तरांनी ते त्याआधीच स्वतंत्रपणे सोडवलं होतं, पण वेळेवर छापून आलं नाही. शाळेत शिकवलेल्या बाईला ते वाचून काय वाटलं असेल, तुम्हीच समजा.

पुढच्या वर्षी सोळावी येऊ म्हणतेय. मग मोठ्या ओट्यांची चार घरं शोधून चौघी-चौघी बसवीन. सोळा जणींचे पाच दिवस चोख लागतात, कारण चार बाय चारच्या चौकटीत एकमेकांत बसणारे तीन लॅटिन चौकोन मिळतात. लॅटिन चौकोन म्हणजे प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक अक्षर एकदाच येणारी चौकट; एकमेकांत बसणारे म्हणजे एकावर एक ठेवले की अक्षरांची प्रत्येक जोडी एकदाच येते. सहा बाय सहात असे दोनसुद्धा मिळत नाहीत, त्यामुळे छत्तीस जणींना सहा-सहांनी बसवलं तर तीनच दिवस जमतं. दहा, चौदा अशा आकड्यांनाही असे दोन चौकोन मिळणार नाहीत, असं अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितज्ञाचं म्हणणं होतं. ते चूक आहे, हे १९५९ मध्ये बोस आणि पार्कर या गणितज्ञांसोबत दाखवणारे शरच्चंद्र श्रीखंडे मूळचे सागरचे, आपल्याच मध्य प्रदेशात जन्मलेले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे.

सातव्या दिवशी दोघी दहा मिनिटांच्या अंतराने आल्या. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवले होते, गुळात कालवलेलं पीठही आठवडाभर मुरलेलं. सासूबाईंनी खसखशीवर पहिला अनारसा थापून तुपात सोडला आणि तो हसला. कढईभर विरघळला. दुसराही हसला. त्या गप्प उभ्या राहिल्या. सुनेने डब्यातली मूठभर तांदळाची कोरडी पिठी गोळ्यात मळली, बोटांत दाबून बघितली, आणखी चिमूटभर घातली. मग एक अनारसा थापून त्यांच्या पुढ्यात धरला, "आई, हा सोडून बघा."

खसखस वर, जाळी पडायला लागली. सासूबाई झाऱ्याने कडेचं तूप त्यावर उडवत म्हणाल्या, "गूळ जास्त झाला होता. मला कळलंच नाही." मग झारा तिच्या हातात देऊन त्या थापायला बसल्या. मी पाकिटं भरत होते. दुपारपर्यंत सव्वाशे झाले.