'सुटलास बे' म्हणणाऱ्यांनो

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. किराणा नाही, कापड नाही, काहीच नाही. नव्यानं आलेल्याला हा दिवस खायला उठतो. मला मात्र हल्ली तो सोयीचा झालाय. सोलापुरातल्या माझ्या मित्राचा संसार मोडलाय आणि त्याला निवांत बोलायला रविवारच सापडतो.

इथं घटस्फोटाआधी नवरा-बायकोला साधारण वर्षभर वेगळं राहावं लागतं. आपल्याकडंही संमतीनं अर्ज करायचा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, वर आणखी सहा महिने थांबायचं. (हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलंय.) म्हणजे कायद्यात फार अंतर नाही. अंतर आहे ते सोलापूरच्या नव्या पेठेत, बाजारात. तिथं चादर घ्यायला गेलं तरी दुकानदार विचारतो, "वहिनी नाही आल्या?"

त्याच्या मावशीनं तर घटस्फोटाचे कागद व्हायच्या आत अक्कलकोटचं स्थळ काढलंय. चुलते म्हणतात, "गड्यामाणसाला काय होतंय?" मित्र ढाब्यावर नेतात, पाजतात आणि पाठीत थाप मारून म्हणतात, "सुटलास बे!" तो कुठला सुटतोय? कामावरून घरी जाववत नाही म्हणून कंबर तलावाजवळ गाडी लावून बसतो.

वकिलाकडं तो एकटा जायचा. शाळेतल्या दुसऱ्या मित्राला मी सांगितलं, तू फक्त सोबत जा, बाहेर बस, चहा पाज, काही विचारू नको. तो जातो. लांबून एवढंच जमतं, पण ते लागतं. फोनवर बायकोचा विषय यानं काढला तर मी ऐकतो, तिला नावं ठेवत नाही. उद्या दोघं परत बोलायला लागले तर माझी शिवी मधे राहायला नको. बाकी आमचं फालतूच चालतं. परवा त्याला व्हिडिओवर ठेवून कडक भाकरी केली. "जाड झाली बे, वाळणार कधी ही?" म्हणून बराच वेळ हसत होता.

आता गड्डा, म्हणजे सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची जत्रा जवळ आलीय. दरवर्षी हा बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा घालून नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर मिरवणुकीत चालतो. यंदा नको म्हणाला. अक्षता सोहळा म्हणजे सिद्धरामेश्वरांचं लग्नच, आणि अख्खं गाव तिथं भेटणार. मी आग्रह केला नाही. काल स्वतःच विचारत होता, बाराबंदी धुवायला टाकू का. म्हटलं, टाक. जायचं का ते नंतर बघ.