एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा? काळ्या रानाची ओल रडारने मोजताना

सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार चित्रातला एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. त्यामुळे गुंठ्यागुंठ्याची ओल कळेल असे वाटते, पण तसे होत नाही. रडारला प्रत्यक्षात साधारण २० मीटरपर्यंतच वेगळे दिसते, आणि एकेका पिक्सेलवर स्पेकलचा दाणेदार गोंधळ असतो. एक एकराचे चौरस रान सुमारे ६३ मीटर बाजूचे. बांधावरची झाडे टाळायला चारही बाजूंनी १० मीटर सोडले की हाती १८-१९ पिक्सेल उरतात. त्यांची सरासरी घ्या. एकट्या पिक्सेलवरून काहीही ठरवू नका.

तत्त्व सोपे आहे. रडार लहरी सोडते आणि किती ताकदीने परतल्या ते मोजते. कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते माप) ३-४ असतो, पाण्याचा ८० च्या आसपास. माती ओली झाली की ५.५ सेंटिमीटर लांबीच्या लहरी जास्त ताकदीने परततात. अडचण अशी की ढेकळे, सरी, पीक आणि लहरी कोणत्या कोनातून येतात, यांनीही ती ताकद बदलते. म्हणून काळ्या रानात परतलेल्या ताकदीच्या आकड्याची तुलना त्याच शेताच्या जुन्या आकड्यांशीच करावी, शेजारच्या शेताशी नाही.

गूगल अर्थ इंजिन या उपग्रहचित्रांच्या ऑनलाइन सेवेवर सेंटिनेल-१ ची कॅलिब्रेट केलेली, उंचसखलपणा दुरुस्त केलेली चित्रे डेसिबलमध्ये (ताकदीच्या लॉगरिदमिक मोजपट्टीवर) मिळतात. त्यातून आयडब्ल्यू मोड (रुंद पट्टा टिपण्याची पद्धत) आणि व्हीव्ही ध्रुवीकरण (लहर उभी सोडून उभीच टिपणे) निवडा. व्हीएच (उभी सोडून आडवी टिपणे) पिकाला जास्त प्रतिसाद देते, ते पिकाचा अंदाज घ्यायला बाजूला ठेवा. मग सापेक्ष कक्षा क्रमांक, म्हणजे उपग्रहाच्या ठरलेल्या मार्गाचा क्रमांक, एकच ठेवा. ही पायरी सर्रास गाळली जाते. चित्राच्या रुंद पट्ट्यात लहरींचा कोन सुमारे २९ ते ४६ अंश बदलतो, आणि दोन कक्षांची चित्रे मिसळली की कोनातला फरक ओलीतला फरक म्हणून दिसतो. एक उपग्रह त्याच कक्षेत १२ दिवसांनी परततो; एकाच उपग्रहाची चित्रे वापरली तर तेवढी वाट पाहावी लागते.

सरासरी काढण्यापूर्वी डेसिबलचे रेषीय मूल्य करा (डेसिबलला १० ने भागून तेवढा १० चा घात), आणि सरासरीचे पुन्हा डेसिबल करा. −१० आणि −१६ यांची थेट सरासरी −१३ येते. रेषीय करून काढली तर −१२. कोरड्या आणि ओल्या रानातला सगळा फरकच ५ ते ८ डेसिबलचा, त्यात एक डेसिबल चुकणे परवडत नाही.

आता शेताची कोरडी आणि ओली मर्यादा ठरवा, म्हणजे रान पूर्ण कोरडे आणि पूर्ण ओले असतानाचे आकडे. समजा कोरडी −१४, ओली −७ आणि आजचा आकडा −१० आहे. कोरडीपासून ४ वर, एकूण अंतर ७, म्हणजे सापेक्ष ओल ०.५७. हे ५७ टक्के पाणी नव्हे, त्या शेताच्या पल्ल्यातली जागा आहे.

मर्यादा ठरवतानाच बहुतेक घोटाळे होतात. कोरडी मर्यादा मे महिन्यातून घ्यावी असे वाटते, पण तोवर नांगरट झालेली असते. मोठ्या ढेकळांमुळे परतावा काही डेसिबल वाढतो आणि कडक उन्हातले रान ओले भासते. म्हणून पीक निघाल्यानंतरची, नांगर लागण्याआधीची तारीख धरा. उलट, मुसळधार पावसानंतर शेतात पाणी साचले तर सपाट पाण्यावरून लहरी पुढे निसटतात आणि आकडा कोसळतो. ती तारीख ओल्या मर्यादेतून काढा, नाहीतर तुंबलेले शेत कोरडे ठरेल. हिवाळ्यात सकाळी सहाच्या सुमाराच्या फेरीत पानांवरचे दव आकडा फुगवते. ऑगस्टमधल्या दाट कपाशीत किंवा उभ्या उसात तर या लहरींना माती पुरेशी दिसतच नाही. ते महिने प्रामाणिकपणे वगळावेत. अशा पिकांसाठी जास्त लांबीच्या लहरी लागतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाचा सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा एल-बँड त्यासाठीच मोलाचा आहे.

पडताळणीला प्रत्यक्ष माती हवीच. फेरीच्या दिवशी, शक्यतो दोन तासांच्या आत, शेतात पाच ते आठ ठिकाणी १०० घनसेंटिमीटरची, ५ सेंटिमीटर उंचीची कडी ठोका. नमुना लगेच बंद डब्यात घालून वजन करा, मग १०५ अंश सेल्सियसला २४ तास भट्टीत वाळवून पुन्हा वजन करा. १६० ग्रॅमचे १२४ झाले तर ३६ ग्रॅम पाणी गेले, म्हणजे आकारमानाने ओल ३६ टक्के. भेगाळलेल्या रानात कडी नीट भरत नाही, अर्धवट भरलेला नमुना टाकून द्या. खोचायच्या सेन्सरवर तर इथे आंधळा विश्वास नकोच. माती आकसली की सळईभोवती हवेची फट पडते आणि आकडा खूप कमी येतो; शिवाय कारखान्यातले कॅलिब्रेशन चिकण काळ्या मातीला सहसा लागू पडत नाही.

शेवटचा मुद्दा रब्बीचा. वरची माती वाळून भुसभुशीत होते, खाली ओल टिकून राहते. रब्बी ज्वारी त्या साठ्यावरच येते. रडार मात्र वरचे जेमतेम ५ सेंटिमीटर पाहते, ओल्या मातीत त्याहूनही कमी. वापसा नुसत्या चित्रावरून ठरवू नये तो याचमुळे. खालच्या ओलीसाठी जुना अंदाज आणि नवी नोंद यांची घातांकी गाळणी लावा, म्हणजे दर फेरीला जुना अंदाज नव्या नोंदीकडे ठरावीक हिश्श्याने सरकवा. काळमान (वरच्या ओलीतला बदल खाली पोचायला लागणारा साधारण काळ) २० दिवस आणि फेरी १२ दिवसांची धरली तर काही फेऱ्यांनंतर हा हिस्सा, म्हणजे गुणक, ०.४५ वर स्थिरावतो. आधीचा अंदाज ०.८०, आजची वरची ओल ०.२०, तर फरक ०.६०, त्याचे ४५ टक्के म्हणजे ०.२७ वजा करून नवा अंदाज ०.५३. हे २० दिवस तुमच्या रानाला लागू पडतात का, ते ३० सेंटिमीटर खोलीवरचे नमुने सप्टेंबर ते डिसेंबर घेऊन तपासा आणि जुळेपर्यंत काळमान बदलत राहा.