चार वाजताचं रक्त

ऐन मे महिना. रात्री बागेत राखणीला जागरण, दिवसा आंब्याच्या पेट्या भरणं. अंगात त्राण म्हणून नव्हतं. आणि बाकीचंही, जे डॉक्टरला सांगताना जीभ अडते. वय ४७, साखर सहा वर्षांपासून. कोणीतरी म्हणालं, फ्री टेस्टोस्टेरॉन, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं पुरुषी हार्मोन, तपासून घे. देवगडला पेट्या पोचवल्या, खानावळीत बांगडा-भात हाणला आणि दुपारी चारला कलेक्शन सेंटरवर हात पुढे केला.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. ६.१ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, शेजारी ठळक 'लो'. औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू करा." मी करणारच होतो. बायको म्हणाली, "आधी डाक्टराक दाखवा, मगे काय ता करा."

कणकवलीच्या डॉक्टरांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. रक्त किती वाजता दिलंत? जेवून? रात्री झोप? केसांसाठी गोळ्या घेता? घेत होतो, बायोटिन. ते म्हणाले, या एका गोळीनेही काही मशिनांचे आकडे चुकतात. टेस्टोस्टेरॉन सकाळी चढलेलं असतं, दुपारपर्यंत उतरतं. जेवण आणि जागरणही ते खाली आणतं. म्हणजे मी एकही चूक सोडली नव्हती!

त्यात पद्धतही कच्ची. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं, जेटीला दोरखंडाने बांधलेल्या होडीसारखं. उरलेल्यातलं बहुतेक अल्ब्युमिनला सैल चिकटलेलं. मोकळं, म्हणजे फ्री, फक्त दोन-तीन टक्के. एवढंसं थेट किटवर मोजलेलं भरवशाचं नसतं. पक्की पद्धत इक्विलिब्रियम डायलिसिस, म्हणजे बारीक पडद्यातून मोकळं तेवढं वेगळं करून मोजणं, पण ती महाग आणि मोजक्याच लॅबमध्ये होते. त्यामुळे टोटल (बांधलेलं-मोकळं सगळं मिळून टेस्टोस्टेरॉन), एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजायचं आणि मोकळं किती ते १९९९च्या व्हर्म्यूलेन सूत्राने काढायचं.

हंगाम सरला, पाऊस लागला, झोप झाली, बायोटिन बंद केलं. मग सव्वासहाची एसटी. सकाळची पेज न घेता घराबाहेर पडणं हे आमच्याकडे सुतकासारखंच. आठला रक्त दिलं. टोटल २९० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे बरेच डॉक्टर धरतात त्या ३००च्या खालीच. एसएचबीजी १६, अल्ब्युमिन ४.३. हिशेबाने मोकळं निघालं ८.१ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजेच ८१ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर.

६.१वरून ८१! मी हरखलो. डॉक्टरांनी लगेच जमिनीवर आणलं: दोन पद्धतींची मापंच वेगळी, आकडे एकमेकांशी लावायचे नाहीत. पण ८१ ठीक आहे. पोट सुटलं, साखर वाढली की एसएचबीजी घटतं, आणि त्याला बांधलेलं कमी झालं की टोटलही कमी दिसतं. एका सकाळीवर विश्वास नको म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा तीच एसटी, पुन्हा उपास. टोटल ३१२, मोकळं जवळपास तेवढंच.

इंजेक्शन रद्द. बाहेरून हार्मोन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, हे त्या पोराने सांगितलं नव्हतं. मग डॉक्टरांनी टेप काढून कमर मोजली, १०४ सेंटीमीटर, आणि त्यावर जे पंधरा मिनिटं बोलले ते मी इथे लिहीत नाही.