आयर्विनला पाणी किती?

सांगलीची जुनी बाजारपेठ पाहायची असेल, तर स्वतःची गाडी घेऊन आत शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एस.टी. स्थानकापासून मारुती रोड, कापड पेठ, बालाजी चौक, हरभट रोड, टिळक चौक आणि गणपती पेठ हा सारा परिसर पायी फिरण्याजोगा आहे. रिक्षावाल्यानेही मला बाजाराच्या अलीकडेच उतरवले आणि "पुढं गाडी निघायची न्हाई ताई, चालतच लवकर पोचाल," असे सांगितले. त्याचे म्हणणे तंतोतंत खरे होते. शनिवार असल्यामुळे आठवडी बाजार भरला होता. मेथीच्या जुड्या, पावटा, गावठी वांगी आणि मिरच्यांचे ढीग रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरले होते. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून बाजारकरी बायका, हमालांच्या हातगाड्या आणि सतत हॉर्न वाजवणाऱ्या दुचाक्या एकाच वेळी पुढे सरकू पाहत होत्या. भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्या आजींच्या पाटीला दुचाकीचे चाक लागते आणि चालवणारा मागे वळूनही पाहत नाही, हे पाहून मला मनापासून संताप आला. आठवड्यातला हा एक दिवस तरी मारुती रोडवर वाहने येऊ नयेत, असे तिथे अर्धा तास चालणाऱ्या कोणालाही वाटेल.

गणपती मंदिराचे दर्शन शांतपणे झाले. 1801 मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीचे संस्थान उभे करणाऱ्या चिंतामणराव पटवर्धनांनी हे काळ्या दगडाचे देऊळ कृष्णेच्या काठाजवळ बांधले. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये इथे 'सीता स्वयंवर' हे नाटक केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. एवढा मोठा वारसा असलेल्या या गावात मला सर्वांत जास्त काळ थांबवून ठेवले ते मात्र गणपती पेठेतल्या एका किराणा दुकानाने.

मला हळकुंडे हवी होती. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा इथे येऊन दळलेल्या हळदीची पुडी घेणे मला पटत नव्हते. दुकानदार काकांनी "बसा की ताई, उभ्यानं काय घेताय," म्हणत स्टूल पुढे केले, चहा सांगितला आणि एक हळकुंड मोडून आतला गर्द केशरी रंग माझ्यासमोर धरला. बोटांना लागलेला तो रंग घरी येईपर्यंत गेला नाही. चहा येईपर्यंत मी दुकान न्याहाळत होते आणि माझ्या लक्षात आले की, इथली मांडणी इतर गावांतल्या दुकानांसारखी नाही. जमिनीलगतच्या फळ्यांवर फक्त प्लास्टिकच्या बादल्या, नारळ आणि तेलाचे बंद डबे होते. साखर, डाळी, मसाले आणि हळद यांची पोती छातीच्या उंचीच्या लोखंडी घोडीवर रचलेली होती, आणि हिशेबाच्या वह्या थेट माळ्यावर होत्या. मी कारण विचारले, तेव्हा काकांनी काही न बोलता भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर मारलेली तेलरंगाची निळी रेघ दाखवली. रेघेशेजारी 2019 असे लिहिले होते.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तिथली इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, हे आकडे पेठेतल्या पोरासोरांनाही पाठ असतात. पावसाळ्यात लोक एकमेकांना भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी "आयर्विनला किती झालं?" असे विचारतात. काकांचा हिशेब पक्का होता. "चाळीस झाले की झोप जाते. कोयनेतनं किती सोडलंय ते बघायचं, आणि पंचेचाळीसच्या आधी माल वर. त्या साली एवढं येईल असं कुणालाच वाटलं न्हवतं. साखर तर पाणीच झाली." दुकानात आठवडाभर पाणी होते. ते उतरल्यावर गुडघाभर चिखल आणि कुजलेल्या धान्याचा वास राहिला, आणि शेजारपाजारच्या दुकानदारांनी एकमेकांची दुकाने आळीपाळीने धुतली. 2005 चा पूर त्यांनी पाहिला होता, 2021 मध्ये पुन्हा पाणी आले, तरीही पेठ सोडण्याचा विचार त्यांच्या बोलण्यात कुठेही नव्हता. "गिऱ्हाईक इथलं, हमाल इथले, उधारी इथली. जाणार कुठं?" एवढेच ते म्हणाले. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत आणि हळकुंडांच्या वजनात चार नग वरून घातले. या आतिथ्यापुढे मुक्कामाच्या हॉटेलातील थंड जेवण आणि बंद पडलेला गिझर मी केव्हाच विसरले.

दुसरा दिवस हरिपूरचा संगमेश्वर आणि मिरजेतल्या सतारमेकरांची गल्ली यांत गेला. हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती आणि 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली, ही हकिगत तिथे ऐकली, तेव्हा काकांच्या भिंतीवरची रेघ मला पुन्हा डोळ्यांसमोर दिसली.

संध्याकाळी टिळक चौकातून 1929 सालच्या आयर्विन पुलाकडे जाताना मी वाटेतल्या भिंती मुद्दाम पाहत होते. दोन-तीन दुकानांच्या आत अशा रेघा दिसल्या, पण चौकात, रस्त्यावर, बाहेरून येणाऱ्या माणसाला दिसेल अशा जागी एकही खूण मला आढळली नाही. हरभट रोडवर आज भाड्याने गाळा घेणाऱ्या नव्या दुकानदाराला पाणी किती उंच चढले होते, हे शेजाऱ्याला विचारूनच कळणार असेल, तर ते योग्य नाही. प्रत्येक चौकात एखाद्या दगडी खांबावर 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षांच्या पातळ्या कोरून ठेवायला फारसा खर्च येणार नाही, आणि पुढचा पावसाळा येण्याआधी ते व्हायला हवे.